चप्पल आत, ठराव बाहेर

देवाने माणसाला दोन हात दिले ते केवळ येणारी वस्तू अडवायला, अशी गाढ श्रद्धा असलेला माझ्या मामासारखा दुसरा माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात सापडणार नाही. तरुणपणी तो मुळगावच्या संघाचा गोलकीपर होता. पोट सुटल्यावर क्लबचा अध्यक्ष झाला. पण हातांना ही बढती कोणी कळवलीच नाही. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर आमच्या दारात सायकलवरून कधी उतरला नाही. तो फाटकाबाहेरून गोल पावाचे उंडे फेकायचा आणि मामा अंगणात डावीउजवीकडे झेपावत ते झेलायचा. माडावरून पडणारा नारळही त्याने एकदा याच श्रद्धेने अडवला. नाकाचा आजचा आकार ही त्या दिवसाची देणगी. स्वतःच्या लग्नात चारी बाजूंनी अक्षता येताना पाहून हा पठ्ठ्या दोन्ही हात पसरून मामीच्या पुढे उभा राहिला. मामी अजून सांगते, "म्हज्या माथ्यार एक दाणो पडूंक दिलो ना ह्या मनशान."

क्लबची सभा भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात, सुपारीच्या खांबांच्या गोलासमोर भरायची. मामाचा कायदा असा, की ज्याला ठराव मांडायचा त्याने पेनल्टी मारायची. गोलात अध्यक्ष स्वतः. गोल झाला तर ठराव मंजूर. "उलोवंक तोंड पुरो," तो म्हणायचा, "मारूंक पांय जाय." म्हणजे बोलायला तोंड पुरतं, मारायला पाय हवा. एवढ्या वर्षांत एकच ठराव मंजूर झाला, मध्यंतरात लिंबू सरबत देण्याचा, तोही मामाला ऐन वेळी शिंक आली म्हणून. लोकशाहीची याहून क्रूर थट्टा मी पाहिलेली नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सुनावलेलं आहे.

गोव्यात भाषेचा वाद पेटला तेव्हा माझ्या खिशात कायम पत्रकं आणि बोटांना खळ असायची. क्लबचा नवा फळा पांढरा रंगवून तयार होता. त्यावर मराठी लिहायची, हा माझा ठराव. कोकणीच लिहायची, हा आमच्या सेंटर फॉरवर्डचा. तो पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि मला "पत्रकवाल्या" म्हणायचा. निम्मा संघ त्याचा, निम्मा माझा. दुसऱ्याचा ठराव मंजूर झाला तर संघ सोडू, असं दोन्ही बाजूंनी जाहीर केलं होतं, आणि अंतिम सामना येत्या रविवारी होता.

"म्हाका फळो नाका," मामा म्हणाला, "म्हाका अकरा जाण जाय. मार."

मी आयुष्यात बॉलला पाय लावला नव्हता. मनात सगळी तत्त्वं गोळा करून मी जी लाथ घातली, तिच्यासरशी बॉल एका कोपऱ्याकडे सुटला आणि चप्पल दुसऱ्या. मामा बॉलमागे झेपावला. बॉल अडला, पण मनगट खांबावर आपटलं.

"चप्पल भितर गेली," तो धूळ झाडत म्हणाला. "ठराव भायर."

मग फॉरवर्ड आला. त्याची पेनल्टी कधी चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मामाचं मनगट तोवर टरारून सुजलं होतं. तो हात त्याने पाठीमागे लपवला.

"हात दाखय पळोवया," फॉरवर्ड म्हणाला.

"हाताक किदें पळयता? बॉलाक पळय. मार."

फॉरवर्ड मागे गेला, धावत आला, आणि बॉल गोलावरून पार काजूच्या झाडांत गेला.

"बूट निसरलो," तो म्हणाला.

तो अनवाणी होता.

रविवारी अकराही जण उतरले आणि सणसणीत हरले. पुढे गोव्याचं राज्य झालं. माझं मत आजही तेच आहे आणि फॉरवर्डचंही. सामन्याच्या दिवशी आम्ही एकाच बाकावर बसून भांडतो. फळ्यावर अजून अक्षर नाही, नुसती खाणीच्या ट्रकांची लाल धूळ.

मामाचं मनगट मात्र नीट बसलं नाही. सभा आता हात वर करून होतात आणि ठराव भराभर मंजूर होतात. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की मामा अंगणात येऊन गुडघे वाकवून उभा राहतो. "उडय रे," तो फेकायची खूण करत ओरडतो. पोदेर ऐकू न आल्यासारखं करतो, सायकल फाटकाला टेकवतो आणि उंडे त्याच्या हातात आणून ठेवतो.