जयनगरचा नेम

"स्वल्प थांब की," असं म्हणत अक्का चष्मा कपाळावर चढवायच्या. मग समजावं, यंदा लेंटमध्ये काय सोडू, हा प्रश्न येणार. ईस्टरच्या आधीच्या त्या उपवासाच्या दिवसांत आवडीचं काहीतरी सोडायचं असतं, हे राजाजीनगरच्या आमच्या ऑफिसात त्यांच्यामुळे सगळ्यांना पाठ झालं होतं. अक्का बेळगावकडच्या ख्रिस्ती, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या याच कानडी शहरातले. ऑफिसात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच.

एका वर्षी त्यांनी कॉफी सोडली. फिल्टर कॉफीवर वाढलेल्या माणसाची कॉफी तुटली की काय होतं, हे तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी बोलणी खाल्ली. शेवटी मॅनेजरनीच त्यांच्यापुढे कप ठेवला आणि उपवास तुमचा, पण शिक्षा आम्हाला का, असं विचारलं. अक्का खूप हसल्या आणि कॉफी प्यायल्या.

पुढच्या वर्षी मी सहज बोलून गेले, की आमची आई चातुर्मासात वांगं सोडते, पण त्याबरोबर एखादा नेमही धरते. नुसतं सोडायचं नाही, रोज काहीतरी करायचं.  दोन दिवसांनी अक्का माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "मी रोज जयनगरला जाणार. वहिनीकडे."

त्यांचा भाऊ वारला तेव्हा दफनभूमीत, सगळ्यांसमोर, त्या वहिनीला म्हणाल्या होत्या की तू त्याची हेळसांड केलीस. ते खरं नव्हतं, हे त्यांना नंतर डॉक्टरांकडून कळलं. तोवर वहिनीनं त्यांना दार बंद केलं होतं.

त्या रोज ऑफिस सुटल्यावर बस बदलून जयनगरला जायच्या. बेल वाजवायच्या. वहिनी खिडकीतून बघायची आणि आत जायची. मग अक्का तिथेच पायरीवर बसायच्या, अंधार पडेपर्यंत. शेजारीपाजारी बघत राहायचे. मला अक्कांचा फार राग यायचा. हा असला अपमान कशाला, निदान पत्र तरी लिहा, असं मी म्हणाले.

"चार माणसांत बोलले मी," त्या म्हणाल्या. "माफी मागताना चार माणसांनी बघायला नको होय?"

ईस्टरनंतरच्या सोमवारी आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. विचारायचं धाडस कुणाला होईना. दुपारी डबा उघडताना त्यांनी आपणहून सांगितलं, की दार काही उघडलं नाही. पण काल गेल्या तेव्हा पायरीशेजारी एक खुर्ची ठेवलेली होती.

संध्याकाळी त्या नेहमीसारख्या पर्स आवरू लागल्या. मी म्हणाले, "अक्का, लेंट संपला ना? आता कशाला?"

"खुर्ची ठेवलीय तिनं. रिकामी दिसली तर काय वाटेल तिला?"

त्याच महिन्यात माझी हुबळीला बदली झाली. पुढे अक्का निवृत्त झाल्या, मग गेल्याही. ते दार उघडलं की नाही, मला कधीच कळलं नाही. जयनगरचं ते घर मी पाहिलेलंही नाही. तरी अक्का आठवल्या की मला त्या तिथेच दिसतात, बंद दाराशेजारी, खुर्चीत नीट टेकून बसलेल्या.