बाबांनी कॉम्प्युटरला दिलेला फर्स्ट क्लास

आमचे बाबा मुलुंडच्या एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवून रिटायर झाले, पण लाल पेन काही त्यांच्या हातातून सुटलं नाही. पेपर मिळेनात म्हणून आता ते घरातल्या वस्तू तपासतात. मिक्सर काठावर पास. माझा नवरा एटीकेटी. एकटा कॉम्प्युटर तेवढा हुशार, कारण तो त्यांनी स्वतः पसंत केलेला.

त्याच जुन्या कॉम्प्युटरवर आई ऑनलाइन गाणं शिकवते. सहा मुली होत्या, तीन उरल्या. तान अर्ध्यात तुटायची, पडद्यावर आईचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं, आणि पलीकडून यायचं, "काकू, आवाज फाटतोय." आईला बिचारीला वाटलं, वय झालं, गळा गेला. "सोमवारपासून क्लास बंद करते गं," असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. रविवारी माझा लॅपटॉप काखोटीला मारला आणि घाटकोपरहून तडक माहेरी गेले.

"कॉम्प्युटरला नावं ठेवू नकोस," बाबा दारातच म्हणाले. "आधी मार्क बघ त्याचे."

हा कॉम्प्युटर स्वतःची परीक्षा स्वतःच घेतो आणि पाच विषयांत ७.९ पैकी गुण देतो. बाबांनी ते वहीत उतरवले होते. हार्ड डिस्क ५.९, मेमरी ५.५, ग्राफिक्स ४.९, गेमचे ग्राफिक्स ३.३. प्रोसेसर २.०, आणि त्यावर लाल काट.

"हा का खोडलात?"

"दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह असतं ना? सहांतला सगळ्यात कमी विषय सोडतात. इथे बेस्ट ऑफ फोर. बासष्ट टक्के. फर्स्ट क्लास!"

धन्य ते गुरुजी! मी स्क्रीनवर बोट ठेवलं. तिथे एकूण गुण ठळक अक्षरांत होते: २.०. "बाबा, हा बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही. सगळ्यात कमी गुण तोच निकाल. कारण एक अडला की बाकीचे बसून राहतात. प्रोसेसरला झेपत नाही, म्हणून आईचा आवाज तुटतो."

"असली कसली पद्धत? एका विषयावरून सबंध पोर नापास?"

झालं! इतकी वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. "तुमचीच पद्धत आहे ही! नववीत मला भूमितीत बेचाळीस पडले, तुम्ही तेवढाच आकडा वाचलात. महिनाभर मला 'बेचाळीस' म्हणून हाक मारलीत. तेव्हा नाही सुचलं एक विषय खोडायचं?"

बाबांनी वही मिटली. मी लॅपटॉप लावून आईच्या एका विद्यार्थिनीला कॉल केला. आईने घाबरत घाबरत सा लावला, आलाप घेतला, आणि पलीकडची मुलगी ओरडलीच, "काकू, आज काय झकास ऐकू येतंय!" आईने डोळे पुसले आणि "मेल्या, तुझ्यापायी गाणं सोडत होते मी," म्हणत त्या जुन्या डब्याला एक चापट घातली.

चहा झाला. बाबांनी वही पुढे ओढली, नवं पान काढलं.

"नववीत तुला बाकीच्या विषयांत किती होते गं?"

मी आठवू लागले. तेवढ्यात आई म्हणाली, "लिहा. मराठी एक्क्याऐंशी, संस्कृत शहाऐंशी, इतिहास चौऱ्याहत्तर."