सशाचं लंघन

मला ससे आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. कुत्रं निदान भुंकतं, मांजर उंदीर धरतं. ससा नुसता बसतो, खातो आणि घाण करतो. राजापेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आल्यापासून त्याने गॅलरी बळकावली, चार्जरच्या तीन वायरी कुरतडल्या आणि दिवसभर लेंड्यांचा सडा घातला. ससा लेकीचा, लेंड्या माझ्या, अशी आमच्यात वाटणी होती.

लेक तेव्हा आठवीत. तिने मात्र त्याचं सगळं नीट केलं, हे कबूल करायला हवं. कुठून कुठून वाचून ती मला ऐकवायची, की सशाने दिवसभर सुकं गवत चघळत राहिलं पाहिजे, कोबी-केळी त्याला सोसत नाहीत, लेंड्या कमी झाल्या तर समजायचं की पोट बिघडलं. मी पोळ्या लाटता लाटता हूं हूं करायचे. आठवीतल्या पोरीचं कोण एवढं मनावर घेतं?

त्या उन्हाळ्यात जळगावला सासरकडचं लग्न निघालं. आम्ही गाडीने जाणार होतो आणि अकोला वाटेतच, म्हणून ससा चार दिवस माझ्या मोठ्या बहिणीकडे ठेवायचं ठरलं. ताई जुन्या शहरात राहते. तिच्या सासरचा भाजीचा मळा आहे, बाजारात दुकान आहे, घरात शिरलं की मेथीचा आणि ओल्या पोत्यांचा वास येतो. लेकीने तिच्या हाती गवताची पिशवी दिली आणि वहीचं एक पान दिलं, त्यावर काय द्यायचं, काय नाही ते लाल पेनाने लिहिलेलं. ताईने पिशवीत हात घालून पाहिलं आणि तिचं तोंडच उतरलं.

"आपल्या घरी भाजीचा ढीग पडला अन् याले वाळलं गवत? लोकं काय म्हणतीन बाप्पा!"

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मी मांडवात होते. हळदीच्या साडीवरून नणंदेने तमाशा मांडला होता, माझं डोकं आधीच फिरलेलं.

"अवं, हा खाऊन नाही राहिला," ताई म्हणाली. "परवा कोबी खाल्ला, काल केळं खाल्लं, आता तोंड फिरवते. पोट टम्म झालं त्याचं. काय करू?"

"नाही खात तर नको देऊ. लंघन दे त्याले. ओव्याचं पाणी पाज."

"पोरीले विचारू काय?"

"तिले काही सांगू नको. इथं रडत बसन."

आणि मी फोन कापला. अर्ध्या मिनिटाचं बोलणं झालं असेल.

लंघन हे आमच्या माहेरचं औषध. ताप आला, लंघन. पोट दुखलं, लंघन. परीक्षेच्या भीतीने मळमळलं तरी लंघन. बाबा सकाळी जीभ बघायचे आणि ताट बंद करायचे. गोठ्यातल्या बैलाने कडब्याला तोंड लावलं नाही तर त्यालाही एक दिवस नुसतं पाणी. निम्मी दुखणी आपोआप बरी व्हायची आणि श्रेय लंघनाला जायचं. आम्ही दोघी बहिणी त्यातच वाढलो, त्यामुळे मी काय सांगितलं त्याचा मी एक क्षणही विचार केला नाही आणि ताईनेही केला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही अकोल्याला पोचलो. ससा न्हाणीजवळच्या कोपऱ्यात पाठीची कमान करून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजत होते. लेकीने कान हातात घेतले, ते गार. खाली अंथरलेल्या पोत्यावर एकही लेंडी नव्हती. तिने खाली वाकून त्याच्या पोटाला कान लावला आणि तशीच राहिली.

"काहीच वाजत नाहीये आत," ती म्हणाली. मग उठली. "मावशी, गवत कुठंय?"

"माळ्यावर ठेवलं वं माय. कालपासून लंघन दिलं होतं त्याले."

"उपाशी ठेवलंस? कालपासून? कुणी सांगितलं तुला?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा पट्टा सोडवत होते. तो पट्टा सुटायला मी जितका वेळ लावला तितका आयुष्यात कधी लावला नसेल.

"मलेच वाटलं," ताई म्हणाली.

इथे मी गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी गप्प बसले नाही. "ताई, तुले अक्कल आहे का?" मी ओरडले. "पोरीने लिहून दिलं होतं ना! तुले वाचता येत नाही काय?" आवाज चांगला चढला होता माझा. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली.

जठारपेठेत जनावरांचा एक डॉक्टर सापडला. त्याने पोट दाबून पाहिलं आणि मान हलवली. माणसाचं पोट रिकामं ठेवलं तर त्याला आराम पडतो, तो म्हणाला, सशाचं उलटं असतं. वरून काही येत राहिलं तरच त्याची आतडी हलतात. आधी कोबी-केळ्याने गॅस झाला, तेव्हाच घेऊन आला असता तर सोपं होतं. त्यात उपाशी ठेवलंत आणि आतडी थांबली.

"कोणी ठेवला याला उपाशी?"

"मी," ताई म्हणाली.

मग तो तिला बोलला. बावन्न वर्षांची बाई, दोन सुनांची सासू, टेबलापुढे पदर मुठीत धरून उभी, आणि तो तिला शाळेतल्या पोरीसारखं झापत होता. मी शेजारी उभी होते. मग त्याने सशाला सुई दिली, गॅसचे थेंब दिले, आणि गवताची पूड पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजने दर दोन तासांनी भरवायला सांगितली. लेंडी पडली तर जगला समजा, म्हणाला.

आम्ही ताईकडेच थांबलो. लेक मावशीला सशाला हात लावू देईना. मांडीवर घेऊन ती भरवत होती, पोट चोळत होती. ताईने मळ्यातून हरळी आणवली, धुतली, फडक्यावर पसरून वाळवली आणि उंबऱ्याशी ठेवली. लेकीने ती घेतली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला पहिली लेंडी पडली, मिऱ्याएवढी, कडक. थोड्या वेळाने आणखी दोन. लेकीने त्या तळहातावर घेऊन मला दाखवल्या आणि हमसून हमसून रडली. मला कसलाच आनंद झाला नाही, नुसतं सुटल्यासारखं वाटलं.

"पडली काय वं?" ताईने बाहेरून विचारलं.

लेकीने उठून दार लावून घेतलं.

ससा जगला. अजून आहे, लठ्ठ झाला आहे. लेक त्यानंतर अकोल्याला गेलेली नाही. दिवाळीत मावशीशी फोनवर बोल म्हटलं तर बाथरूममध्ये जाऊन बसली. आणि मला राग येतो तो ताईचा. तिने तेव्हाच माझं नाव घेतलं असतं तर भांडण झालं असतं, चार दिवस अबोला झाला असता, संपलं असतं. तिने मला त्या दिवशी वाचवून जे करून ठेवलं आहे, ते मी रोज लेकीसमोर बसून जेवताना गिळते.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा मी तेच विचारलं, चांगलं तडकून. "काहून नाही सांगितलं वं तू माझं नाव? कोणी सांगितला होता तुले मोठेपणा?"

 ती म्हणाली, "मावशीवर रुसली तर चालते. मायवर रुसली असती तर पोरगी कोणाजवळ राहिली असती?"

मी फोन ठेवला. लेक गॅलरीत सशाला गवत घालत होती. तिने तिथूनच विचारलं, "कुणाचा फोन होता?"

"राँग नंबर," मी म्हणाले.