सासऱ्यांची तलवार

परवा वीज गेली म्हणून कंदील पेटवला, आणि रॉकेलच्या वासासरशी मला लग्नानंतरचा सासरचा, केळशीतला पहिला उत्सव आठवला. देवळापुढच्या नाटकात नायिकेचे वडील झाले होते माझे सासरे, आणि तिचा नवरा माझ्या माहेराहून खास बोलावलेला माझा सख्खा दादा. दोघांत कुणाची बाजू घ्यावी म्हणून नायिका रडत होती, बायका पदराने डोळे टिपत होत्या. सासऱ्यांनी दादावर तलवार उगारली तशी मी किंचाळले, “दादा, मागे हो!”

सासरे थबकले. “अगो सूनबाई, लाकडाची आहे ती!”

मंडपभर हशा उसळला. पुढे ठरल्याप्रमाणे दादा मेला, पण प्रेताचं पोट हसून हसून हलत होतं.

मला घरी जायची धास्ती वाटत होती. वाटेत सासूबाई हळूच म्हणाल्या, “पुढल्या वर्षी ह्यांच्यासाठीही एकदा ओरड हो. मी ओरडले तर बरं दिसेल का?”