फोटो टाकू नये

प्रोग्रॅमिंगच्या ऑनलाइन फोरमवर सगळे त्याला हेडमास्तर म्हणायचे आणि खरं सांगायचं तर त्याला ते मनातून आवडायचं. घरी बसून एका दुकानदाराचं बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळायचं आणि मधूनमधून नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, हा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. फुकट बरं का! माणूस हुशार, मदतीला कायम पुढे, पण राग नाकाच्या शेंड्यावर. 'प्रश्न कसा विचारावा' ही नियमावली त्यानेच लिहिलेली. त्यातला त्याचा लाडका नियम म्हणजे, स्क्रीनचा फोटो टाकू नये, कोड मजकूर म्हणून चिकटवावा. फोटो दिसला की गड्याचं टाळकंच सरकायचं.

आणि त्या दिवशी दिसला तो काय फोटो, बापरे! तिरका, हललेला, कोपऱ्यात अंगठा. खाली लिहिलं होतं, 'प्रोग्रॅम चालत नाही. मी गोदामात पार्सलं बांधते. कोणतं पार्सल कोणत्या गाडीत जाणार, त्याची यादी करणारा प्रोग्रॅम लिहिलाय. सहाला गाड्या सुटायच्या आत यादी निघाली तर साहेब मला ऑफिसात घेणार आहेत. नाहीतर परत बांधणीच्या टेबलावर. प्लीज लवकर!!'

मंडळी तिच्यावर तुटून पडलीच होती. 'आधी नियम वाचा.' 'फोटो बघून कोड आम्ही टाइप करत बसायचा का?' एकाने तर थेट नियमावलीची लिंक डकवली. हेडमास्तरला भरून आलं, चेले तयार झाले की! तोही बाह्या सरसावून चांगलं खरमरीत लिहायला बसला.

तेवढ्यात त्याची बायको हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून आली आणि चहाचा कप ठेवायला त्याच्या मागे उभी राहिली.

"आज कुणाची खरडपट्टी?"

"ही बघ ना. मजकूर चिकटवायला हात दुखतात का हिचे?"

बायकोने वाकून फोटो बघितला. "अहो, चिकटवणार कुठून? स्क्रीनला पट्टी लावलीय ती वाचा की. 'या संगणकावर इंटरनेट नाही.' बिचारी फोनवरून विचारतेय."

हेडमास्तरने लिहिणं थांबवलं. त्याने फोटो मोठा केला, कोड वाचला, पुन्हा वाचला. खोट काही सापडेना. कोड अगदी बरोबर! आता काय करायचं? सहा तर वाजत आलेले. शेवटी त्याची नजर कोड सोडून स्क्रीनच्या डाव्या कडेला गेली. तिथे फोल्डर दिसत होते. पार्सलांची फाइल बाहेरच पडलेली आणि प्रोग्रॅम तिला आतल्या, स्वतःच्या फोल्डरात शोधतोय! म्हणजे बाईने नियम पाळून नुसता कोड चिकटवला असता, तर जन्मात कुणाला चूक दिसली नसती.

त्याने ते खरमरीत सगळं पुसून टाकलं आणि लिहिलं, 'तुमचा कोड बरोबर आहे. पार्सलांची फाइल उचलून प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवा आणि पुन्हा चालवा. पळा!'

मग वाट बघणं आलं. बायकोही खुर्ची ओढून बसली.

"निघाली असेल का हो यादी?"

"मला काय विचारतेस? मी काय गोदामात बसलोय?"

सहा वाजून गेले. चहा कधीच गार झाला होता. दोघांपैकी कुणीही उठायला तयार नव्हतं.

शेवटी आलं एकदाचं उत्तर. 'निघाली!!! साहेबांनी तीच यादी हातात धरून गाड्या भरून घेतल्या. उद्यापासून ऑफिसात बस म्हणाले!' बायकोने टाळीच वाजवली. पण खाली आणखी एक ओळ होती. 'फोटो टाकला म्हणून सगळ्यांची माफी मागते. मला नियम माहीत नव्हता. पुन्हा असं करणार नाही.'

एरवी अशी माफी वाचली की हेडमास्तरची छाती फुगायची. आज मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या आनंदाच्या घडीला ती बाई हात जोडून उभी होती आणि तिला हात जोडायला लावणारा नियम त्याने स्वतः लिहिलेला.

"बघत काय बसलाय? लिहा काहीतरी," बायको म्हणाली.

त्याने लिहिलं, सगळ्या चेल्यांच्या देखत. 'ताई, माफी आम्ही मागायची. फोटो होता म्हणूनच चूक सापडली. पुढे कधी अडलं तर विचारा. जसं जमेल तसं विचारा.'