भाऊजींनी सांगितलेली मालिका

माझ्या नातवंडांनो,

नव्वदच्या दशकातली ती मालिका तुम्हाला कंप्युटरवर सापडली आणि पुठ्ठ्याची शिंगं लावलेला राक्षस पाहून तुमची हसून पुरेवाट झाली, असं परवा फोनवर सांगितलंत. "आजी, तुम्हाला हे आवडायचं?" असंही विचारलंत. फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. त्या मालिकेचा एकही भाग मी चुकवला नव्हता, आणि तरीही तुम्ही पाहिलीत ती मालिका मी पाहिलेली नाही. आम्ही पाहिली ती भाऊजींची.

भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले आतेभाऊ. जगातली कोणतीही गोष्ट मोठ्याने सांगितल्याशिवाय पुरती घडत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. सारी नोकरी स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेलेली. आवाज असा भरदार, की त्यांनी सांगितलेला उशीरसुद्धा लोक मुकाट्याने मान्य करत. निवृत्तीनंतर घोषणा घरात सुरू झाल्या. नळाला पाणी आलं, वरणाला वेळ आहे, पाहुणे जिना उतरत आहेत. "भाऊजी, मला दिसतंय ते," असं मी म्हटलं की म्हणत, "तुला दिसतंय गं, पण कळवायला नको?" पुढे त्यांच्या पत्नीची, म्हणजे माझ्या जाऊबाईंची, दृष्टी हळूहळू गेली आणि या सवयीला काम मिळालं. हाताला धरून त्यांना गंगेवरच्या पंचगंगा घाटाकडे नेताना गल्लीभर त्यांचं चाले, "पायरी. आणखी एक पायरी. पुढे सांड बसलाय. नाराज दिसतो." जाऊबाई म्हणत, "त्याचं मन राहू द्या, वाट आहे का ते सांगा."

मालिका येणार हे कळलं तेव्हा जाऊबाईंना काहीच दिसत नव्हतं. मालिका जिच्यावरून केली होती, ती हिंदी कादंबरी डोळे चांगले होते तोवर त्यांनी पानं सुटेपर्यंत वाचली होती. मायावी किल्ल्याची गोष्ट. त्यात किल्ल्याची राखण करणारा, पण अंधाराला घाबरणारा एक राक्षस, आणि एक उडती खाट. खाटेवर बसून कुणी खोटं बोललं की ती खाली येई, खरं बोललं की वर जाई. "ती खाट एकदा उडताना दिसली असती, तर दुसरं काही मागितलं नसतं," जाऊबाई म्हणाल्या. भाऊजींनी घोषणा केली, "मी आहे ना!"

टीव्ही आमच्या घरी होता. पहिल्या रविवारी सकाळी दोघं स्नान करून, धुतलेले कपडे घालून आली. भाऊजींच्या काखेत ती कादंबरी आणि हातात बॅटरी. तुम्हाला नवल वाटेल, पण ती गंगेपलीकडच्या रामनगरची सवय. दर वर्षी दोघं नावेने पलीकडे रामलीलेला जात. तिथे नेमाचे प्रेक्षक पोथी मांडीवर उघडून, बॅटरीच्या उजेडात ओळीवर बोट ठेवून लीला पाहतात. पात्र चुकलं तर लीला चालवणारे व्यास तिथल्या तिथे थांबवून पुन्हा म्हणायला लावतात. टीव्हीवाल्यांची रीतही तीच असणार, असं भाऊजींनी धरलं होतं.

खिडकीशी आमची खाट होती, तिच्यावर दोघं बसली. भाऊजींनी दिवसाढवळ्या बॅटरी लावून पुस्तक उघडलं. पडद्यावर राक्षस आला आणि त्याने आल्या आल्या गर्जना करून एक गाव जाळलं. भाऊजी ताडकन उठले. हात वर करून ओरडले, "थांबा! पुन्हा म्हणा!"

राक्षस थांबला नाही.

"काय झालं?" जाऊबाईंनी विचारलं. भाऊजींनी पुस्तकाकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. खाली बसत म्हणाले, "काही नाही. राक्षस मटार सोलतोय. दारात पाहुणे पाहून ओशाळलाय." जाऊबाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

तिथून ती मालिका दोन झाली. पडद्यावर तलवारी चालत, भाऊजींच्या तोंडून पुस्तक चाले. टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवलेला असे. तरी एखादी किंकाळी ऐकू आलीच, तर "शेजारच्या घरातली," असं सांगत. खाली राहणारे वकीलसाहेब दर रविवारी येत. आमच्यात राहून त्यांना मराठी समजू लागलं होतं. ते एकदा म्हणाले, "चाचा, आप कौन-सा चैनल देख रहे हैं?" भाऊजींनी ओठावर बोट ठेवलं. पुढे वकीलसाहेबही पडद्याकडे पाठ करून बसू लागले.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटातलं, खोटं बोलणं पाप असं शिकलेली, मला हे पटेना. स्वयंपाकघरात मी म्हटलं, "भाऊजी, पुस्तकातली खाट असती तर तुम्हाला घेऊन कधीच जमिनीवर आदळली असती." ते शांतपणे म्हणाले, "मी पुस्तकातलंच सांगतो. खोटं ते डबडं बोलतं."

एकदा मध्येच वीज गेली. पडदा काळा झाला, तरी भाऊजी सांगतच राहिले. छताचा पंखा थांबला होता. वीज गेल्याचं कळूनही जाऊबाईंनी पदराने वारा घेत विचारलं, "मग?"

शेवटच्या भागाच्या आधी भाऊजींचा आवाज गेला. घसा दुखत होता बरेच दिवस. डॉक्टरांनी बोलायला सक्त मनाई केली. तरी रविवारी दोघं आली. भाऊजी पुस्तक माझ्यापुढे धरून डोळ्यांनी विनवत होते. पडद्यावर राजपुत्राने तलवार उपसली. राक्षसाला तो मारणार हे उघड होतं. पुस्तकात तर राक्षस सुटून आपल्या घरी जातो. काय सांगावं या विचारात मी पुस्तकाची पानं उलटत राहिले.

"राहू दे गं," जाऊबाई म्हणाल्या. "आज मी सांगते." टीव्हीकडे नव्हे, भाऊजींकडे तोंड वळवून त्या सांगू लागल्या. "राक्षस खाटेवर बसलाय. घरी जायचंय त्याला, पण खाट हलत नाही. आयुष्यभर शूर असल्याचं सोंग केलंय ना, खरं बोलायची लाज वाटते. राजकन्या म्हणते, बोल बाबा, कुणी हसणार नाही." त्यांनी हाताने खाटेची कड चाचपली. "तो म्हणतो, मला अंधाराची फार भीती वाटते."

वकीलसाहेबांनी उठून हलकेच टीव्ही बंद केला.

"उचलली बघा खाट," जाऊबाई म्हणाल्या. "किल्ल्याच्या वर गेली. दिसतेय ना तुम्हाला?"

भाऊजींनी मान हलवली. मग हललेली मान जाऊबाईंना दिसणार नाही हे त्यांना आठवलं, आणि त्यांनी जाऊबाईंचा हात घेऊन आपल्या गालावर ठेवला. गाल ओला होता.

भाऊजींचा आवाज पूर्वीसारखा पुन्हा आला नाही. त्यानंतर गल्लीतून जाताना जाऊबाईच बोलत आणि ते ऐकत. काही वर्षांनी आधी ते गेले, मग त्या. टीव्ही भंगारात गेला. पुस्तक मी वकीलसाहेबांना दिलं, त्यांनी मागितलं म्हणून. ती खाट मात्र अजून खिडकीशी आहे. नवार दोनदा बदलली, चौकट तीच आहे.