मधली भीती

रत्नागिरीच्या इस्पितळात मी सिस्टर होते आणि नर्सिंगच्या पदवीसाठी प्रबंध लिहीत होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ज्या रुग्णांशी मी निवांत बोलत असे, त्यांना नंतर कमी दुखायचं. पण का? कॉलेजातले संख्याशास्त्राचे सर म्हणाले, "बोलणं आणि दुखणं यांच्या मधे भीती आहे का, बघू या."

ऑपरेशनच्या सकाळी रुग्णांनी दहापैकी सांगितलेले भीतीचे आकडे आम्ही गणितात धरले, सारखीच भीती असलेल्यांची तुलना केली आणि माझ्या बोलण्याचा परिणाम जवळजवळ नाहीसाच झाला. मला रडू यायला लागलं.

"म्हणजे माझं बोलणं फुकट गेलं?"

"अहो सिस्टर, उलट! तुमच्या बोलण्यानं भीती कमी झाली आणि भीती कमी झाली म्हणून दुखणंही कमी झालं. वाट सापडली तुम्हाला!"

मग मला जे हसू फुटलं ते थांबेचना. रिक्षावाल्यानं "कुठनं जायचं?" विचारलं, तर मी म्हणाले, "भीतीतनं!"

वॉर्डात शिरले तर हर्नियाच्या ऑपरेशनला आलेली आजी म्हणाली, "लगीन ठरला काय गो बाय?"

"त्याहून भारी!" म्हणत मी स्टूल ओढलं आणि तिला सगळं गणित सांगितलं. तिला ते ओ की ठो कळलं नाही, पण आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खाटेवरची बाई वैतागून उठून बसली.